जीलिबसी बिल्ड करताना सीईटी चालू करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान जीलिबसी, म्हणजे लिनक्सवरची जीएनयूची सी लायब्ररी, स्वतः बिल्ड करणाऱ्यांसाठी आहे: डिस्ट्रोचं पॅकेज सांभाळणारे, एम्बेडेड बोर्डासाठी टूलचेन जुळवणारे, किंवा ‘बघू तरी’ म्हणून रात्री उशिरा सोर्स उतरवून बसणारे. आज्ञा आणि पर्याय इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच ते मूळ रोमन अक्षरांत टंकायचे.

सीईटी म्हणजे काय, थोडक्यात सांगाल का?

इंटेलच्या ‘कंट्रोल-फ्लो एन्फोर्समेंट टेक्नॉलॉजी’चं हे लघुरूप. आराखडा २०१६ मध्ये जाहीर झाला आणि प्रत्यक्ष प्रोसेसरमध्ये ही सोय २०२० मध्ये, टायगर लेकपासून आली. एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत झाली की पुढचं सगळंच गोंधळाचं होतं.

पहिली शॅडो स्टॅक. किराणा दुकानात उधारी दोन वह्यांत लिहितात, एक दुकानदाराची आणि एक गिऱ्हाइकाची. महिनाअखेरीला दोन्ही वह्या समोरासमोर ठेवतात. इथेही तसंच. फंक्शन कॉल झाला की परतीचा पत्ता नेहमीच्या स्टॅकवर जातो आणि त्याच वेळी प्रोसेसर तो दुसऱ्या एका स्टॅकवरही टिपून ठेवतो. ‘रेट’ (परतण्याची सूचना) आली की दोन्ही पत्ते ताडून बघतो. जुळले नाहीत तर तिथल्या तिथे एक्सेप्शन. दुसरी वही दुकानदाराच्या गल्ल्यात असते, म्हणजे साध्या ‘मूव्ह’ने त्या पानांवर काही लिहिता येत नाही.

दुसरी आयबीटी, म्हणजे इनडायरेक्ट ब्रँच ट्रॅकिंग. पॉइंटरमधून कॉल किंवा जंप झाली, तर जिथे पोचलो तिथली पहिलीच सूचना ‘एंडबीआर६४’ असली पाहिजे. नसेल तर पुन्हा एक्सेप्शन. ही सूचना चार बाइटची आहे: एफ३, ०एफ, १ई, एफए. जुने प्रोसेसर तिला काहीच न करणारी सूचना समजून पुढे जातात, म्हणून एकच बायनरी जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर चालते.

ॲप्लिकेशन सोडून सी लायब्ररीच्याच मागे का लागायचं?

कारण हल्लेखोरही तिच्याच मागे लागतात. १९९७ मध्ये सोलर डिझायनर या नावाने लिहिणाऱ्या संशोधकाने दाखवून दिलं की स्टॅकवर स्वतःचा कोड चालवता येत नसेल तरी बिघडत नाही. परतीचा पत्ता सरळ लिबसीमधल्या ‘सिस्टिम’ फंक्शनकडे वळवला की झालं. २००७ मध्ये होवाव शाकम यांनी ही कल्पना आणखी पुढे नेली. पूर्ण फंक्शनचीही गरज नाही. लिबसीच्या पोटात ‘रेट’ने संपणारे जे बारीक तुकडे सापडतात ते एकामागोमाग ओवले की हवं ते गणित करून घेता येतं. एक्स८६ वर सूचनांची लांबी कमीजास्त असल्यामुळे हे आणखी सोपं जातं: एखाद्या लांब सूचनेच्या मधोमध सी३ हा बाइट आला आणि उडी नेमकी तिथे मारली, तर प्रोसेसरला ती ‘रेट’च दिसते. कंपायलरने ती कधी लिहिलेलीच नसते.

जवळपास प्रत्येक प्रोसेसमध्ये लोड होणारी, लाखभर अशा तुकड्यांनी भरलेली लायब्ररी म्हणजे कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ. शिवाय दुसरं एक रुक्ष कारण आहे: लिबसीवर सीईटीचा शिक्का (ही फाइल सीईटीसाठी तयार आहे अशी नोंद) नसेल तर तिच्याशी जोडलेल्या कुठल्याच प्रोग्रामला शॅडो स्टॅक मिळत नाही. ते का, ते खाली येतंच आहे.

माझ्या मशीनवर चालेल का?

‘/प्रॉक/सीपीयूइन्फो’मध्ये ‘यूझर_एसएचएसटीके’ हा शब्द शोधा. सापडला तर प्रोसेसर आणि कर्नल दोघंही तयार आहेत. सापडला नाही तर तीन ठिकाणी बघा: प्रोसेसर जुना आहे का, कर्नल ‘कॉन्फिग_एक्स८६_यूझर_शॅडो_स्टॅक’शिवाय बिल्ड केलाय का, आणि कोणी बूट ओळीत ‘नोयूझरएसएचएसटीके’ घालून ठेवलंय का. व्हर्च्युअल मशीनमध्ये असाल तर हायपरव्हायझरने ही सोय आत पोचवलेली असावी लागते, नाहीतर खाली कितीही नवा प्रोसेसर असो, आत काही दिसणार नाही.

एएमडीवाल्यांसाठी: झेन ३ पासून शॅडो स्टॅक आहे, आयबीटी नाही.

कोणत्या आवृत्त्या लागतात?

कागदोपत्री पाहिलं तर जीसीसी ८ हा कंपायलर, बिनयुटिल्स २.२९ (यात असेंबलर आणि लिंकर येतात) आणि जीलिबसी २.२८. खरोखर शॅडो स्टॅक चालू झालेला बघायचा असेल तर जीलिबसी २.३९ किंवा पुढची, आणि लिनक्स ६.६ किंवा पुढचा.

या दोन उत्तरांमध्ये पाच वर्षांचं अंतर आहे. ‘--एनेबल-सीईटी’ हा पर्याय जीलिबसीत २०१८ च्या ऑगस्टमध्ये आला. तेव्हा कर्नलमधला कोड मुख्य शाखेत शिरलाच नव्हता. पॅच मेलिंग लिस्टवर फिरत होते आणि त्यातल्या तेव्हाच्या इंटरफेसवर भरवसा ठेवून लायब्ररीने आपली बाजू लिहून टाकली. बाजारात तुरी म्हणतात तसं. पुढे ते काम रिक एजकोंब यांच्या हाती आलं, बरंच बदललं, आणि यूझर शॅडो स्टॅक शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर आलेल्या लिनक्स ६.६ मध्ये उतरला, तोही वेगळ्या इंटरफेससह. ‘आर्च_पीआरसीटीएल’चे क्रमांकच नवे आहेत. त्यामुळे २.२८ ते २.३८ पर्यंतची जीलिबसी तुम्ही कितीही निगुतीने ‘--एनेबल-सीईटी’ देऊन बिल्ड केली असली, तरी मुख्य शाखेच्या कर्नलशी तिची भाषा जुळत नाही. २.३९ मध्ये, म्हणजे २०२४ च्या सुरुवातीला, ती जुळवून घेतली.

बरं, बिल्ड कसं करायचं?

यात नवल काही नाही. सोर्सच्या बाहेर वेगळी डिरेक्टरी करा (आतच कॉन्फिगर चालवलंत तर जीलिबसी चक्क नकार देते), आणि तिथून:

../जीलिबसी/कॉन्फिगर --प्रीफिक्स=/यूएसआर --एनेबल-सीईटी
मेक
मेक चेक

‘मेक इन्स्टॉल’ चालत्या सिस्टिमवर करू नका. लिबसी अर्धवट बदलली गेली तर ‘एलएस’सुद्धा चालत नाही, आणि मग पेनड्राइव्ह शोधत बसायची वेळ येते. प्रयोगासाठी बिल्ड डिरेक्टरीतली ‘टेस्टरन.एसएच’ पुरते, पॅकेजसाठी ‘डेस्टडिर’ वापरा.

एक गोष्ट मात्र आधीच बघून घ्या. कंपायलरबरोबर येणाऱ्या वस्तू, म्हणजे लिबजीसीसी, लिबएसटीडीसी++ आणि ‘सीआरटीबिगिन.ओ’सारख्या फाइली, यांवरही शिक्का हवा. जीसीसीचा स्वतःचा ‘--एनेबल-सीईटी’ मुळात ‘ऑटो’वर असतो आणि बिनयुटिल्स पुरेसे नवे असतील तर लिनक्स एक्स८६ वर तो आपोआप चालू होतो. पण टूलचेन स्वतः जुळवत असाल आणि पहिल्या फेरीत जुने बिनयुटिल्स हाताशी असतील, तर ‘ऑटो’ गुपचूप ‘नाही’ म्हणून मोकळं होतं. एरर येत नाही. दोन दिवसांनी कळतं.

कॉन्फिगरला मी काहीच सांगितलं नाही तर?

तर जीलिबसी कंपायलरचा कल बघते. कंपायलर मुळातच ‘-एफसीएफ-प्रोटेक्शन’, म्हणजे सीईटीला लागणारा कोड बनवण्याचा पर्याय, लावणारा असेल (उबुंटूचा जीसीसी १९.१० पासून तसा आहे) तर सीईटी चालू धरली जाते. मूळ सोर्समधून बिल्ड केलेला साधा जीसीसी तसं करत नाही. म्हणून एकाच स्क्रिप्टमधून दोन मशीनवर दोन वेगळ्या लायब्ररी निघू शकतात. पर्याय नेहमी स्पष्ट लिहा, हो असो वा नाही.

बिल्ड झालं. लागलं की नाही हे कसं ओळखू?

रीडएल्फ -एन लिबसी.एसओ

आउटपुटमध्ये ‘प्रॉपर्टीज’ या ओळीवर ‘एक्स८६ फीचर: आयबीटी, एसएचएसटीके’ असं दिसलं पाहिजे. हा तो शिक्का. ‘.नोट.जीएनयू.प्रॉपर्टी’ नावाच्या सेक्शनमध्ये दोन बिट असतात, १ म्हणजे आयबीटी आणि २ म्हणजे शॅडो स्टॅक.

डोळ्यांनी खात्री करायची असेल तर ‘ऑब्जडम्प -डी’ने कुठलंही बाहेरून बोलावता येणारं फंक्शन उघडा. पहिली ओळ ‘एंडबीआर६४’ असेल. सीईटी लावलेल्या बायनरीत ‘.पीएलटी’बरोबर ‘.पीएलटी.एसईसी’ असा आणखी एक सेक्शनही दिसतो. पहिल्यांदा पाहणारे दचकतात, पण तो आयबीटीसाठी केलेला वेगळा पीएलटी (दुसऱ्या लायब्ररीतल्या फंक्शनकडे नेणारा तक्ता) आहे, बिघाड नाही.

‘एंडबीआर६४’ दिसतेय पण शिक्का नाही, असंही होतं. तो पुढचा प्रश्न.

माझ्या लायब्ररीच्या सगळ्या फाइली ‘-एफसीएफ-प्रोटेक्शन’ने कंपाइल झाल्यात, तरी शिक्का गायब. का?

सगळ्या झाल्या नसतील. लिंकर या शिक्क्यांचा ‘अँड’ करतो: शंभर ऑब्जेक्ट फाइलींपैकी नव्व्याण्णवांवर शिक्का असेल आणि एकीवर नसेल, तर बाहेर पडणाऱ्या लायब्ररीवर तो उमटत नाही. एक नासका आंबा आणि अख्खी आढी गेली.

तो आंबा दहापैकी नऊ वेळा हाताने लिहिलेल्या असेंब्लीची ‘.एस’ फाइल असते. सी फाइलींना कंपायलर शिक्का मारतो. असेंब्ली तुम्ही लिहिलेली, तिची जबाबदारीही तुमचीच. उपाय सोपा आहे: फाइलीच्या वरती ‘सीईटी.एच’ हे हेडर घ्या आणि ज्या ज्या लेबलवर पॉइंटरमधून पोचता येतं तिथे ‘_सीईटी_एंडबीआर’ हा मॅक्रो लिहा. शिक्क्याचा सेक्शन ते हेडरच घालतं. सीईटी बंद असेल तर मॅक्रो रिकामा होतो, म्हणून ‘इफडेफ’ची गरज नाही. जीलिबसीच्या स्वतःच्या असेंब्लीत हे काम ‘एंट्री’ मॅक्रोच करतो. तुम्ही तिथे नवं ‘मेमकॉपी’ घालत असाल आणि ‘एंट्री’ वापरत असाल तर वेगळं काही करायला नको.

कोणती फाइल दोषी हे शोधत बसू नका, लिंकरलाच विचारा. ‘-झेड सीईटी-रिपोर्ट=एरर’ दिलं की तो फाइलीचं नाव घेऊन थांबतो. आमच्या सीआयमध्ये, म्हणजे आपोआप चालणाऱ्या बिल्ड-चाचण्यांत, हे कायमचं लावून ठेवलंय.

त्यापेक्षा लिंकरला ‘-झेड एसएचएसटीके’ देऊन शिक्का मारूनच टाकला तर?

मारता येतो. मी मारलाय, आणि त्याची किंमतही मोजलीय.

एका जुन्या नोकरीत आमची एक छोटी कोरूटीन (मधेच थांबून नंतर तिथूनच पुढे चालणारी फंक्शनं) लायब्ररी होती. संदर्भ बदलायचं काम चाळीसेक ओळींच्या असेंब्लीत: रजिस्टरं जपून ठेवा, स्टॅक पॉइंटर दुसरीकडे न्या, ‘रेट’ करा. शिक्का उमटत नव्हता, रिलीज जवळ आलं होतं, मी मेकफाइलमध्ये ‘-झेड एसएचएसटीके’ घातलं आणि चहाला गेलो. सगळ्या चाचण्या हिरव्या. हिरव्याच असणार, कारण तेव्हा कुठल्याच मशीनवर शॅडो स्टॅक प्रत्यक्षात चालू नव्हता! दीड वर्षानंतर एका सहकाऱ्याने नव्या कर्नलवर तो चालू करून पाहिला आणि पहिल्याच कोरूटीनला प्रोग्राम कोसळला. स्टॅक बदलला होता, शॅडो स्टॅक जुनाच राहिला होता, आणि ‘रेट’ला दोन वह्या जुळल्या नाहीत. हार्डवेअर आपलं काम चोख करत होतं. दाखला खोटा होता, आणि तो मी दिला होता. कुठली ओळ कोणी लिहिली ते दाखवणाऱ्या गिट ब्लेममध्ये माझंच नाव.

थोडक्यात: जिथे असेंब्लीत कॉल आणि रेट यांची जोडी शिस्तीत आहे तिथे हेडर घालून खरा शिक्का मिळवा. जिथे कोड स्टॅक पॉइंटर स्वतः हलवतो तिथे आधी कोड सुधारा. लिंकरचा पर्याय फक्त तेव्हाच, जेव्हा ती ऑब्जेक्ट फाइल तुम्ही ओळीनओळ वाचली आहे आणि सोर्स बदलणं खरोखर हातात नाही.

शिक्का आहे, कर्नल नवा आहे, प्रोसेसर नवा आहे, जीलिबसी २.३९ आहे. तरी शॅडो स्टॅक चालू दिसत नाही. काय चुकलं?

काहीच नाही. या पानावर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

‘--एनेबल-सीईटी’ या नावातला ‘एनेबल’ फसवा आहे. त्या पर्यायाने लायब्ररी सीईटीसाठी तयार होते. ती चालवायची की नाही हा निर्णय प्रोग्राम सुरू होताना होतो, आणि २.३९ पासून त्याचं ठरलेलं उत्तर ‘नाही’ असं आहे. चालू करायचं तर असं:

एक्सपोर्ट जीलिबसी_ट्यूनेबल्स=जीलिबसी.सीपीयू.एचडब्ल्यूकॅप्स=एसएचएसटीके

हे जीलिबसीचं ‘ट्यूनेबल’, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना वाचलं जाणारं सेटिंग. मग चालत्या प्रोसेसची ‘/प्रॉक/<क्रमांक>/स्टेटस’ फाइल बघा. ‘एक्स८६_थ्रेड_फीचर्स’ या ओळीवर ‘एसएचएसटीके’ आलं म्हणजे काम झालं. त्याखाली ‘...लॉक्ड’ने संपणारी ओळ आहे. सुरुवात झाली की जीलिबसी सोयीला कुलूप घालते, म्हणजे नंतर प्रोसेसमधूनच कोणी ती बंद करू शकत नाही.

मुळात बंद का ठेवलं? माझ्यासारख्यांमुळे. डिस्ट्रोंनी २०१८-१९ पासून सरसकट ‘-एफसीएफ-प्रोटेक्शन’ लावलं. हजारो पॅकेजांवर शिक्के बसले, पण ज्या परिस्थितीसाठी शिक्का मारला ती परिस्थिती कोणाच्याच मशीनवर नव्हती. चाचणी झालीच नाही. कर्नल एकदम तयार झाला आणि जीलिबसीने सगळ्यांना एका रात्रीत शॅडो स्टॅक दिला असता, तर कोणाचा कोणता प्रोग्राम पडला असता सांगता येत नव्हतं. देखभाल करणाऱ्यांनी सावधपणे चावी वापरणाऱ्याच्या हातात दिली. मला हा निर्णय पटतो, जरी त्यामुळे ‘आमच्याकडे सीईटी आहे’ असं छातीठोक सांगणाऱ्या बऱ्याच जणांकडे ती प्रत्यक्षात नसते.

एक विचित्र कोपरा लक्षात ठेवा: सेटयूआयडी प्रोग्रामना (फाइलीच्या मालकाच्या, बहुधा रूटच्या, हक्कांनी चालणाऱ्या) हा व्हेरिएबल लागूच होत नाही. ज्यांना संरक्षणाची सर्वांत जास्त गरज, नेमके तेच या वाटेने सुटतात.

कर्नलच शिक्का वाचून सुरुवातीलाच चालू का करत नाही?

आधीच्या पॅचमध्ये तसंच होतं. अंतिम रचनेत कर्नल शिक्का बघतच नाही. तो वाचायचं काम डायनॅमिक लिंकरचं, म्हणजे प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी लोड करून जोडणाऱ्याचं. प्रोग्राम आणि त्याच्या सगळ्या लायब्ररींवर शिक्का आहे याची खात्री झाली की तो ‘आर्च_पीआरसीटीएल’ला ‘आर्च_एसएचएसटीके_एनेबल’ सांगतो.

यात एक गंमत आहे. समजा हे काम नेहमीच्या फंक्शनमध्ये केलं. त्या फंक्शनचा कॉल झाला तेव्हा शॅडो स्टॅक नव्हता, म्हणजे दुसऱ्या वहीत नोंद नाही. मग ते फंक्शन परतायला गेलं की वही कोरी, आणि चालू केल्या क्षणीच प्रोग्राम मेला. म्हणून शॅडो स्टॅक फक्त अशाच ठिकाणी चालू करता येतो जिथून परत जायचंच नसतं. डायनॅमिक प्रोग्राममध्ये ती जागा म्हणजे लिंकरचा सुरुवातीचा कोड, ‘आरटीएलडी_स्टार्ट’. स्टॅटिक प्रोग्राममध्ये थ्रेड-लोकल साठवण उभी करण्याची पायरी, ‘आर्च_सेटअप_टीएलएस’. तुम्ही स्वतः रनटाइम लिहीत असाल तर हा नियम भिंतीवर लावा.

छोटासा प्रयोग सांगा, म्हणजे विश्वास बसेल.

दोन फंक्शनचा सी प्रोग्राम लिहा. एकाचं नाव ‘चोर’, त्यात फक्त ‘_एक्झिट(७)’. दुसऱ्याचं ‘घर’, त्यात ‘बिल्टिन फ्रेम ॲड्रेस’ घेऊन त्याच्या आठ बाइट पुढे ‘चोर’चा पत्ता लिहायचा. परतीचा पत्ता तिथेच असतो. ‘मेन’मधून ‘घर’ बोलवा. ऑप्टिमायझेशन बंद, म्हणजे ‘-ओ०’, आणि ‘-एफसीएफ-प्रोटेक्शन’ चालू. डिस्ट्रोची जीलिबसी जुनी असेल तर लिंक करताना डायनॅमिक लिंकर आणि ‘आरपाथ’ तुमच्या नव्या लायब्ररीकडे वळवा.

ट्यूनेबलशिवाय चालवलं की एक्झिट कोड ७ येतो. चोर आत शिरला. स्टॅक कॅनरी (परतीच्या पत्त्याआधी ठेवलेली राखणीची खूण) लावली असली तरी तिला पत्ता लागत नाही, कारण तिला न शिवता आपण थेट परतीच्या पत्त्यावर लिहिलं.

ट्यूनेबल लावून चालवलं की ‘सेगमेंटेशन फॉल्ट’, कोड १३९. ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘कंट्रोल प्रोटेक्शन’ असलेली ओळ सापडेल, तिच्यात पुढे ‘एरर:१(निअर रेट)’. ही ओळ एकदा डोळ्यांखालून घाला. पुढे खऱ्या क्रॅशमध्ये साधा नल पॉइंटर आणि सीईटीचा फॉल्ट यांत फरक करायला तीच उपयोगी पडते. नुसत्या ‘सेगफॉल्ट’वरून काही कळत नाही. डीबगरमध्ये असाल तर सिग्नलचा कोड ‘सेगव्ही_सीपीइआरआर’ आहे का बघा.

‘परमिसिव्ह’ कधी वापरायचं?

‘--एनेबल-सीईटी’ने बिल्ड केलेल्या लायब्ररीत, शॅडो स्टॅक चालू असताना, शिक्का नसलेलं प्लगइन ‘डीएलओपन’ने, म्हणजे प्रोग्राम चालू असताना, उघडलं तर ते उघडत नाही. ‘एसएचएसटीके सपोर्टसह शेअर्ड ऑब्जेक्ट पुन्हा बिल्ड करा’ अशा अर्थाचा एरर येतो. ‘--एनेबल-सीईटी=परमिसिव्ह’मध्ये प्लगइन उघडतं आणि त्याऐवजी शॅडो स्टॅकच बंद होतो. हीच निवड रनटाइमलाही ‘जीलिबसी.सीपीयू.एक्स८६_एसएचएसटीके’ या ट्यूनेबलने करता येते: ऑन, ऑफ किंवा परमिसिव्ह.

लोक समजतात की परमिसिव्ह म्हणजे कधीच अडणार नाही. अडतं. प्रोसेसमध्ये एकाहून जास्त थ्रेड चालू असतील तर परमिसिव्हमध्येही एररच येतो, कारण एका थ्रेडचा शॅडो स्टॅक बंद केला तरी बाकीच्यांचा चालूच राहतो आणि ते जुन्या लायब्ररीत शिरले की कोसळू शकतात. शिवाय मधेच बंद करता यावं म्हणून कुलूप उघडं ठेवावं लागतं. बंद प्लगइन वापरणाऱ्या एखाद्या प्रोग्रामपुरतं ट्यूनेबलने लावा. आख्ख्या डिस्ट्रोची लिबसी तशी बिल्ड करू नका, असं माझं मत.

सेटजम्प-लाँगजम्पचं काय होतं? सी++ च्या एक्सेप्शनचं?

दोन्ही चालतात, आणि त्यासाठी तुम्हाला काही करावं लागत नाही. ‘सेटजम्प’ शॅडो स्टॅकचा पॉइंटरही जपून ठेवतं. ‘लाँगजम्प’ आताचा पॉइंटर आणि जपलेला पॉइंटर यांतला फरक काढून ‘इन्कएसएसपीक्यू’ सूचनेने तेवढ्या नोंदी टाकून देतं. ती सूचना एका वेळी जास्तीत जास्त २५५ नोंदी ओलांडते, म्हणून तिथे लूप दिसतो. खोल रिकर्शनमधून बाहेर पडणाऱ्यांनी घाबरू नये. एक्सेप्शनसाठी हेच काम लिबजीसीसीचा अनवाइंडर करतो. म्हणूनच वर म्हटलं की लिबजीसीसीवर शिक्का हवा.

‘मेककॉन्टेक्स्ट’ आणि ‘स्वॅपकॉन्टेक्स्ट’ही सांभाळलेले आहेत, नव्या संदर्भासाठी कर्नलकडून वेगळा शॅडो स्टॅक मागितला जातो. अडचण येते ती फक्त घरगुती असेंब्लीत. रेटपोलिन (प्रोसेसरमधल्या स्पेक्टर दोषावरचा एक उपाय) हेही त्यातलंच एक: ते मुद्दाम परतीचा पत्ता बदलून ‘रेट’ करतं, म्हणजे शॅडो स्टॅकच्या नजरेत तो हल्लाच.

यूझर प्रोग्रामसाठी आयबीटी कधी चालू होते?

मुख्य शाखेच्या कर्नलमध्ये यूझर प्रोग्रामसाठी आयबीटीची सोय नाही. कर्नलच्या स्वतःच्या कोडसाठी ती ५.१८ पासून, म्हणजे २०२२ पासून आहे, ती वेगळी. त्यामुळे तुमच्या लिबसीमधल्या ‘एंडबीआर६४’ सध्या नुसत्या बसून आहेत. काढून टाकायचा मोह होतो; ‘-एफसीएफ-प्रोटेक्शन=रिटर्न’ दिलं की जातातही. मी काढत नाही. उद्या कर्नल बदलला तर अख्खं जग पुन्हा बिल्ड करायला लागू नये.

वेग किती कमी होतो?

स्वतःच्या कामावर मोजा, दुसऱ्याचे आकडे तुमच्या कामाचे नाहीत. खर्च कुठे आहे तेवढं सांगतो: प्रत्येक ‘एंडबीआर६४’चे चार बाइट, प्रत्येक कॉलमागे मेमरीत आठ बाइटची आणखी एक नोंद, आणि प्रत्येक थ्रेडमागे एक शॅडो स्टॅक. त्याचा आकार थ्रेडच्या स्टॅकवरून ठरतो, वरची मर्यादा ४ जीबी, पण ती ॲड्रेस स्पेस आहे. पानं वापरली जातील तशीच रॅममध्ये येतात. ‘व्हर्च्युअल मेमरी वाढली’ म्हणून आलेली तक्रार बहुधा यामुळेच.

३२-बिटसाठी?

नाही. आय३८६ साठीचा सीईटीचा आधार जीलिबसी २.३९ मध्ये काढला.

आमचं एआरएम आहे.

मग हा पर्याय तुमच्यासाठी नाही. एआर्च६४ (६४-बिट एआरएम) वर बीटीआय (आयबीटीसारखी) आणि पॉइंटर ऑथेंटिकेशन (पत्त्यांवर सही) अशा दोन सोयी आहेत आणि जीलिबसीला २.३२ पासून त्या कळतात. मात्र तिथे लायब्ररीच्या कॉन्फिगरमध्ये खटका नाही; जीसीसीच ‘--एनेबल-स्टँडर्ड-ब्रँच-प्रोटेक्शन’ने बिल्ड करावा लागतो. कंपायलरपासून सुरुवात करा.

सीईटी लावली की बफर ओव्हरफ्लोची चिंता मिटली ना?

नाही. परतीचा पत्ता बदलणं अडतं, ओव्हरफ्लो अडत नाही. शेजारच्या व्हेरिएबलमध्ये ‘ॲडमिन = ०’ चं १ झालं तर शॅडो स्टॅकला त्याचं काहीच सोयरसुतक नसतं.

प्रॉडक्शनमध्ये चालू केल्यावर काहीतरी पडलं. आधी काय करू?

आधी ‘डीमेसेज’मधली ती ‘कंट्रोल प्रोटेक्शन’ ओळ कॉपी करून ठेवा, लॉग फिरून जायच्या आत. मग त्या एकाच सर्व्हिसच्या युनिट फाइलमधून ट्यूनेबल काढा आणि ती पुन्हा सुरू करा. अख्ख्या मशीनवर बंद करायची गरज नाही. ओळीतला ‘आयपी’ (जिथे कोसळलं त्या सूचनेचा पत्ता) कोणत्या लायब्ररीत पडतो ते ‘ॲडर२लाइन’ने बघा. तो असेंब्लीच्या फाइलीत निघाला तर ‘गिट ब्लेम’ करा. आपलंच नाव निघण्याची तयारी ठेवून.